हे नेट कोणाचं आहे?

बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. वरवर पाहिलं तर तो अगदी तांत्रिक आहे, म्हणजे नातेवाईक मंडळी पहिल्याच परिच्छेदात पळून जातील असा. पण जरा धीर धरा, कारण तो शेवटी तुमच्याच खिशापाशी येऊन थांबतो. विषय असा की, आपला संगणक या क्षणी कोणत्या नेटवर्कवर आहे हे त्याला आपोआप कळावं का? कळावं तर कशावरून? आणि नाहीच कळलं तर त्याने काय करावं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे. आणि नेमका तोच फारसा कोणी विचारत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझा लॅपटॉप तीन घरचा पाहुणा आहे. पुण्यातलं घर, तळवड्यातलं ऑफिस आणि गाव. गाव म्हणजे तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. नवरात्र, दिवाळी आणि अधूनमधून दादाने बोलावलं की मी तिकडे असतो, आणि लॅपटॉप अर्थातच बरोबर असतो. आमच्या गावची देवी त्वरिता. देवीच्या नावातच त्वरा आहे, नेटला मात्र तिचा आशीर्वाद अजून पूर्ण मिळालेला नाही :-)

माझं लिहिण्याचं सगळं काम ईमॅक्समध्ये चालतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ईमॅक्स हा एडिटर आहे, म्हणजे मजकूर लिहायचं साधन. मूळ ईमॅक्स १९७६ साली एमआयटीत जन्मला, आणि १९८४ साली रिचर्ड स्टॉलमनने आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स लिहायला घेतला. त्याची खासियत अशी की त्याच्या पोटात लिस्प नावाची एक भाषा बसवलेली आहे. आपल्याला हवं ते काम त्या भाषेत दहा ओळींत लिहून ठेवलं की एडिटर ते करायला लागतो. वेगळं सॉफ्टवेअर शोधायला नको, कोणाची परवानगी नको. मराठी टंकायची सोयही त्यातच आहे. त्यामुळे माझी टिपणं, ईमेल, घरचा हिशोब, ऑफिसचा कोड, सगळं तिथूनच बाहेर पडतं. आणि बाहेर पडायचं म्हटलं की कोणत्या रस्त्याने, हा प्रश्न आलाच.

ऑफिसात बाहेरच्या जगात जायचं तर प्रॉक्सीमधून जावं लागतं, म्हणजे गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून. पुण्याच्या घरी असलं गेट नाही. तिथे ऑफिसची सेटिंग तशीच राहिली तर बिचारा ईमॅक्स नसलेल्या गेटसमोर ताटकळत उभा राहतो. आणि गावी? गावी कधी फायबर असतं, कधी कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. दर वेळी हाताने सेटिंग बदलायचा कंटाळा येतो, म्हणून माणूस स्क्रिप्ट लिहितो. एडिटरनेच ओळखावं आपण कुठे आहोत ते.

पहिली युक्ती सगळ्यांना सुचते ती आयपी पत्त्याची. ईमॅक्समध्ये 'नेटवर्क-इंटरफेस-लिस्ट' नावाचं तयार फंक्शन आहे. ते लॅपटॉपच्या प्रत्येक जोडणीचं नाव आणि तिला मिळालेला पत्ता देतं. मग नियम करायचा, पत्ता १० ने सुरू झाला तर ऑफिस, १९२.१६८ ने सुरू झाला तर घर. चार ओळींत काम फत्ते. बहुतेकांची पहिली स्क्रिप्ट अशीच असते, आणि ती दिसायला जितकी सोपी तितकीच फसवी असते.

फसवी का, ते समजायला १९९६ सालात जावं लागेल. आयपीच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसायला लागलं होतं. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजाने तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारा, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा, आणि १९२.१६८ चा. हे पत्ते कोणीही, कुठेही, कोणालाही न विचारता वापरावेत. बाहेर पडताना राऊटर त्यांच्या जागी आपला खरा पत्ता लावतो. फार उपयोगी तोडगा आहे, त्याच्यावरच घराघरातलं नेट उभं आहे. पण त्याचा अर्थ असा की १९२.१६८.१.१ हा पत्ता म्हणजे 'मारुतीच्या पारासमोरचं घर'. पत्ता बरोबर आहे, फक्त मारुतीचा पार गावोगाव आहे! पुण्यातलं माझं घर, तलवाड्यातलं दादाचं घर आणि वाटेत चहाला थांबतो त्या हॉटेलातलं फुकट वाय-फाय, तिन्ही ठिकाणी हाच पत्ता असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोही.

फोनच्या हॉटस्पॉटची गंमत आणखी वेगळी. अँड्रॉइड फोन कैक वर्षं १९२.१६८.४३ याच पट्ट्यातले पत्ते वाटायचे, आयफोन १७२.२०.१० चे वाटतो. त्यामुळे '४३ दिसलं की फोन समजा' असा नियम पुष्कळांच्या स्क्रिप्टमध्ये असायचा आणि तो चालायचाही. पण ते नियम नव्हतेच, ती फोन बनवणाऱ्यांची सवय होती. नव्या अँड्रॉइडमध्ये हा पट्टा बदलता ठेवलाय. सवयीवर घर बांधलं की असं होतं.

दुसरी युक्ती वाय-फायच्या नावाची. लिनक्सवर एका कमांडने ते नाव मिळतं आणि ईमॅक्स ती कमांड चालवून उत्तर वाचू शकतो. पण नावाचं काय सांगावं! पुण्यात मी "तलवाड्याचा" म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, तळवडे का? आयटी पार्कजवळ?" योगायोगाने ऑफिस तिथेच आहे, त्यामुळे माझं 'नाही'सुद्धा अर्धंच खरं ठरतं. बरं, तलवाडा म्हटलं तरी पालघर जिल्ह्यात विक्रमगडकडे एक तलवाडा आहेच. म्हणून आपण गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लावतो. वाय-फायच्या नावाला तालुका-जिल्हा नसतो. एकाच कंपनीचे राऊटर घेतलेल्या दहा घरांत सारखंच नाव असू शकतं. शिवाय नाव कोणीही कोणतंही ठेवू शकतं, माझ्या घरच्या नेटचं नाव शेजाऱ्याने आपल्या फोनला दिलं तर माझा लॅपटॉप आनंदाने तिकडे जोडून घ्यायला धावेल.

तिसरी युक्ती यापेक्षा पुष्कळ शहाणी आहे. गावाकडे नवा पोरगा दिसला की पारावरची म्हातारी माणसं त्याला कुठे राहतोस असं विचारत नाहीत. ती विचारतात, "कोणाचा रं तू?" संगणकालाही हेच विचारायचं. ज्या राऊटरमधून तू बाहेर पडतोस तो कोण? प्रत्येक नेटवर्क यंत्राला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो, सहा जोड्यांत लिहिलेला. 'अमुक आयपी कोणाकडे आहे?' असा पुकारा करून तो मिळवायची पद्धत, जिला एआरपी म्हणतात, १९८२ पासून आहे. राऊटरचा आयपी जगभर सारखा असला तरी त्याचा मॅक पत्ता सहसा दुसरीकडे सापडत नाही. विंडोजसुद्धा नेटवर्कची ओळख मुख्यतः याच खुणेवरून लक्षात ठेवतं. व्हिस्टाच्या काळापासून ते नव्या नेटवर्कवर 'घर, ऑफिस की सार्वजनिक जागा?' असं विचारायचं, आठवत असेल तुम्हाला. माझ्या स्क्रिप्टमध्येही राऊटरच्या मॅक पत्त्यांची एक छोटी यादी आहे. पुण्याचं घर, ऑफिस, दादाचं घर. यादीत नसेल तो अनोळखी.

पण मंडळी, इथवरचं सगळं पुण्याचं शहाणपण झालं. तलवाड्यात एक वेगळीच अडचण आहे, आणि तिच्यामुळेच या विषयावर माझं काही मत तयार झालं.

पुण्यात मी हलतो, नेटवर्क जागच्या जागी असतं. तलवाड्यात मी जागच्या जागी असतो आणि नेटवर्क हलतं. होतं काय, की सकाळी दादाच्या फायबरवर काम चालू असतं. लाईट जाते. राऊटर मरतो. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला लाईट गेल्याचं सुखदुःख नाही. तो आजूबाजूला बघतो, पुतणीच्या फोनचा हॉटस्पॉट चालू दिसतो, मागच्या दिवाळीत जोडलेला असल्यामुळे ओळखीचाही असतो, आणि तो गुपचूप तिकडे जाऊन बसतो. पडद्यावर काही बदलत नाही. मी त्याच खुर्चीवर, तेच वाक्य लिहितोय. पण आता प्रत्येक बाईट पुतणीच्या पॅकमधून जातोय.

पुतणी बारावीला आहे. तिचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. वर्गाचे व्हिडिओ, सराव परीक्षा सगळं त्यातच. ती मोठ्या मनाने म्हणते, "काका, माझं नेट घ्या की. पण दीड जीबीच हाय बरं का." दीड जीबी संपलं की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाईट. पाच एमबीचा तुकडा उतरायला दहा मिनिटांहून जास्त वेळ. आज लॅपटॉपवरची ढगातली साठवण, फोटोंची सरमिसळ आणि एखादं मोठं अपडेट यांना मोकळं सोडलं तर दीड जीबी किती वेळ पुरेल ते तुम्हीच सांगा.

म्हणजे प्रश्न 'कुठे' हा नव्हताच. 'कोणाचं' हा होता. आणि हा प्रश्न एकदा सकाळी विचारून भागत नाही, दर बदलाला विचारावा लागतो.

दर बदलाला कसा विचारायचा? दर मिनिटाला स्क्रिप्ट चालवणं म्हणजे दर मिनिटाला दार उघडून कोणी आलंय का बघणं. त्याची गरज नाही. लिनक्समध्ये डी-बस नावाची व्यवस्था आहे, तिला मी दवंडी म्हणतो. नेटवर्क बदललं की 'नेटवर्क मॅनेजर' दवंडी पिटतो, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. ईमॅक्सला २००९ सालच्या २३.१ या आवृत्तीपासून ही दवंडी ऐकता येते. माझी स्क्रिप्ट एवढंच करते. दवंडी ऐकली की राऊटर कोण ते बघते, यादीत असेल तर त्याप्रमाणे प्रॉक्सी लावते किंवा काढते, आणि मग आणखी एक प्रश्न विचारते. हे नेट मोजून मिळतंय का?

हा प्रश्न विचारायची सोय आहे हेच पुष्कळांना ठाऊक नाही. अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटवर आलेल्या पाहुण्याला पत्ता देतो ना, तेव्हा त्याच चिठ्ठीत एक शब्द लिहून देतो, 'अँड्रॉइड_मीटर्ड'. म्हणजे 'बाबा रे, हे मोजकं आहे.' किती सभ्य गोष्ट आहे ही! फोन आपल्या मालकिणीची परिस्थिती पाहुण्याच्या कानात सांगतो. लिनक्सचा नेटवर्क मॅनेजर ही चिठ्ठी वाचतो आणि जोडणीवर खूण करून ठेवतो. त्या खुणेच्या पाच किंमती आहेत. हो, नाही, अंदाजे हो, अंदाजे नाही, आणि माहीत नाही. मला त्यातल्या 'अंदाजे'चं फार कौतुक वाटतं. एखाद्या यंत्राने 'मला वाटतं बुवा, पण खात्री नाही' असं लिहून ठेवणं हे आपल्या अनेक अधिकाऱ्यांनाही जमत नाही.

आता माझं मत. अनोळखी किंवा अंदाजाचं उत्तर आलं की प्रोग्रॅमने काय करावं यावरून तो प्रोग्रॅम कोणासाठी लिहिलाय ते कळतं. आज बहुतेक सॉफ्टवेअरचं उत्तर 'खर्च करा' असं असतं. खात्रीने 'मोजकं आहे' असं कोणी सांगितलं नाही, म्हणजे अमर्याद आहे असं ते धरून चालतात. हे गृहीत का धरलं जातं ते उघड आहे. लिहिणाऱ्याच्या टेबलाखाली जाड केबल असते. एक नमुना बघा. फोन यूएसबीच्या वायरने जोडून नेट घेतलं की लॅपटॉपला ते इथरनेटसारखं दिसतं. आणि इथरनेट म्हणजे भिंतीतली केबल, भिंतीतली केबल म्हणजे फुकट, असा विचार. विंडोज १० आलं २०१५ मध्ये. त्यात वाय-फायला 'मीटर्ड' म्हणायची सेटिंग सुरुवातीपासून होती, पण इथरनेटला तसं म्हणायची साधी सेटिंग २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपर्यंत नव्हती. आमच्याकडे वायरने नेट घेणारे खूप, कारण नेट घेता घेता फोन चार्जही होतो. लाईट नसताना तर हमखास तीच वायर. त्या माणसांचा विचार कोणाच्या टेबलावर नव्हता, एवढंच.

माझ्या स्क्रिप्टचं गृहीत उलटं आहे. माहीत नसेल तर काटकसर. अनोळखी नेट म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी. बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर गेलं की आधी विचारायचं, मग एक कळशी घ्यायची. विचारायला कोणी नसेल तर प्यायला लागेल एवढंच घ्यायचं, मोटर लावायची नाही. विहिरीला पाणी किती आहे हे आपल्याला माहीत नसतं, म्हणूनच मोटर लावायची नाही. 'माहीत नाही' हे कारण जास्त घ्यायचं नसतं, कमी घ्यायचं असतं.

प्रत्यक्षात ही काटकसर फार साधी आहे. राऊटर यादीतला नसेल, किंवा मोजकं असण्याचा जरा जरी अंदाज असेल, तर ईमॅक्स पाठवायचं ईमेल रांगेत ठेवतो. 'एसएमटीपीमेल-क्यू-मेल' ही त्याची सेटिंग ईमॅक्समध्ये तयार आहे, मला नुसती चालू करायची असते. कोडची आणि टिपणांची देवाणघेवाण थांबते. नवी पॅकेजं शोधणं थांबतं. खालच्या पट्टीवर एक शब्द दिसतो, 'उसनं'. मी लिहीत राहतो. फायबर परत आलं की दवंडी होते, रांग रिकामी होते, शब्द पुसला जातो. एखादं पत्र तातडीचं असेल तर मी हाताने सांगतो, आणि ते जातं. एक कळशी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनी अशी काटकसर केली तर सुरक्षेची अपडेट लांबतील, साठवणीची प्रत वेळेवर होणार नाही, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप पडेल. खरं आहे. जो माणूस बारा महिने फोनच्याच नेटवर आहे त्याचा संगणक या नियमाने कायमचा उपाशी राहील. पण त्याचं उत्तर त्याला न विचारता त्याचा पॅक संपवणं हे नव्हे. उत्तर असं की सॉफ्टवेअरने सांगावं, 'एवढे एमबी लागतील, आत्ता घेऊ की रात्री?' आकडा सांगून विचारलं तर गावातला कोणीही माणूस नीट निर्णय घेतो. दीड जीबीत दिवस काढणाऱ्याइतका हिशेबी माणूस शोधून सापडायचा नाही.

आता दुसरी बाजू. नेटवर्क ओळखायची स्क्रिप्ट लिहिली की एक मोह होतो. घरचं नेट दिसलं की कुलपं सैल करायची. घरी आहोत ना, मग पासवर्ड कशाला, फाईली उघड्या ठेवल्या तर काय बिघडलं! हे मात्र करू नये असं मी ठामपणे म्हणेन. नाव खोटं असू शकतं, मॅक पत्ता नक्कल करता येतो, आणि घरच्या राऊटरवर कोणाकोणाचे फोन जोडलेले आहेत याची यादी कोणी ठेवलेली नसते. माझी स्क्रिप्ट नेटवर्क बघून फक्त खर्च आणि रस्ता ठरवते. विश्वास ठरवत नाही.

विश्वासासाठी वेगळी खूण लागते, आणि ती समोरच्या यंत्रानेच द्यावी लागते. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरले. त्यानंतर तिथल्या तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं. त्यात सर्व्हर आपली किल्ली दाखवतो, ती पूर्वी पाहिलेल्या किल्लीशी जुळली तरच पुढे जायचं. नेटवर्क कोणतं का असेना. गूगलनेही २०१४ मध्ये 'बियाँडकॉर्प' या नावाने हाच विचार मांडला. ऑफिसच्या आत आहे म्हणून विश्वास नाही, बाहेर आहे म्हणून अविश्वास नाही, माणूस कोण आणि यंत्र कोणतं ते तपासा. माझ्या गावच्या संदर्भात मला हे फार पटतं. दर वर्षी आमच्या जिल्ह्यातली हजारो ऊसतोड कुटुंबं सहा-सहा महिने कारखान्यांच्या फडावर राहायला जातात. पत्ता बदलतो म्हणून माणूस बदलत नाही. रेशनचं धान्य कोणत्याही दुकानात मिळावं ही सोय 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये २०१९ नंतर आली, त्यामागची गोष्टही हीच होती. हक्क माणसाला आहे, जागेला नाही. संगणकातही विश्वास किल्लीला असावा, जागेला नसावा.

कोणी म्हणेल, हे सगळं फोनसारखं सरळ जीपीएसला किंवा 'लोकेशन'ला विचारलं तर? विचारता येईल. पण एक तर लोकेशन तलवाडा असं सांगेल, फायबर की पुतणीचा फोन ते सांगणार नाही. दुसरं म्हणजे ते उत्तर बऱ्याचदा बाहेरच्या कोणाला तरी विचारून येतं. आजूबाजूच्या वाय-फायची यादी पाठवायची, आणि तिकडून जागा कळायची. अशा यादीसाठी गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या वाय-फायची माहिती गोळा करत होत्या, आणि २०१० मध्ये त्यात लोकांचा मजकूरही टिपला गेल्याचं उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला होता. २०११ पासून नेटवर्कच्या नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर नोमॅप' लावलं तर गूगल ते आपल्या यादीतून वगळतं. म्हणूनच आज अनेक प्रणालींत वाय-फायचं नुसतं नाव वाचायलाही लोकेशनची परवानगी लागते. मॅकवर वर्षानुवर्षं चालणारं 'एअरपोर्ट' नावाचं छोटं हत्यार ॲपलने २०२४ मध्ये मोडीत काढलं, आणि त्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी लोकांच्या स्क्रिप्ट बंद पडल्या. त्रास झाला हे खरं, पण कारण योग्य होतं. माझी स्क्रिप्ट माझ्याच लॅपटॉपला विचारते, आणि उत्तर तिथल्या तिथेच राहतं. आपण कुठे आहोत हे कळायला आपण ते जगाला सांगायची गरज नाही.

दादाला हे सगळं एकदा समजावून सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिहायलाच बसतूस ना, मग तुला नेट कशाला लागतंय?" यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे, आणि प्रश्न मात्र चार शब्दांचा. पूर्वी डायलअपवर मोडेम किंचाळायचा आणि घरभर कळायचं की आता मीटर पडतंय. नेट संपलं की आपण वायर काढायचो. आता किंचाळणारं कोणी नाही. मीटर मात्र पडतंच, फक्त दुसऱ्याच्या खोलीत.

असो. नातेवाईक मंडळींसाठी एकच कामाची गोष्ट, ईमॅक्सची गरज नाही. विंडोजवर वाय-फायच्या नावावर जा, 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. अँड्रॉइडवरही त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तसाच पर्याय असतो. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर पहिल्यांदा बसताना एवढं एक बटण दाबायला दहा सेकंद लागतात. आणि जे प्रोग्रॅम लिहितात त्यांना विनंती, 'माहीत नाही' या उत्तरासाठी एक ओळ जरूर लिहा, आणि त्या ओळीत मोटर लावू नका.